माणसांत येणे

मन हरवलेला माणूस बरा झाला, की आपली भाषा 'तो माणसांत आला' असे म्हणते. वर्गात हा वाक्प्रचार मी कितीदा तरी समजावून सांगितला असेल. त्यातली वैद्यकीय अचूकता मात्र माकडांवरील एका प्रयोगाविषयी वाचताना जाणवली.

ॲम्फेटामिनसारखे उत्तेजक द्रव्य दिले, की माकडे एकच हालचाल पुन्हापुन्हा करू लागतात आणि सोबत्यांपासून तुटतात. १९८२ साली मिचेक आणि योशिमुरा यांनी अशा माकडांना मनोविकारावरील औषधे देऊन पाहिली. हालचालींचा अतिरेक ओसरला. तुटलेला सहवास मात्र परतला नाही. ही औषधे मेंदूतील डोपामिनचा प्रभाव रोखतात. त्यामुळे उसळी शमते. पण उसळी शमणे म्हणजे ओढ निर्माण होणे नव्हे.

याला एक जुना संदर्भ आपल्याकडचाही आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. त्याच वनस्पतीतील रेसर्पिन पुढे मनोविकारांवर वापरले गेले. १९५७ साली कार्लसन यांच्या प्रयोगशाळेत रेसर्पिन दिलेले ससे निश्चल झाले होते. डोपामिनचे पूर्वद्रव्य मिळताच ते पुन्हा हिंडू लागले. शांत दिसणारा प्रत्येक जीव सुखात असतोच असे नाही, एवढे तरी या सशांनी शिकवावे.

माकड म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. त्याला भास होतात की नाही, हे ते सांगू शकत नाही. शिवाय औषधाने भास थांबतात, रात्रीची झोप परत मिळते, ही लहान गोष्ट नाही. म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणे घातकच. माझा आक्षेप गोळीवर नाही. गोळीवर सारे सोपवून मोकळे होणाऱ्या आपल्यावर आहे.

आमच्या बाभुळगावात माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याची आई बाजारात भेटली, की मी विचारायचो, "गोळ्या सुरू आहेत ना?" ती "हो सर" म्हणायची आणि माझे कर्तव्य संपायचे. तो काय वाचतो, कोणाशी बोलतो, हे मी कधी विचारले नाही. लग्नाच्या पत्रिकेवर त्याच्या घराचे नाव असते. पंगतीत त्याच्यासाठी पाट नसतो. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सारे गाव शेतात असते, तेव्हा तो एकटा ओट्यावर बसलेला दिसतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात औषधोपचाराइतकेच बहिणीचे जवळ असणे महत्त्वाचे ठरते. प्रयोगशाळेतल्या माकडाला अशी बहीण नव्हती. आपल्या गावांत माणसांची वाण नाही.

मागल्या आठवड्यात मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. तो फारसे बोलला नाही. उठताना मात्र त्याने विचारले, "सर, उद्या येता का?" माणसांत येण्यासाठी आधी माणसांनी यावे लागते, हे मला इतक्या उशिरा कळावे!