खराटा आणि माती

‘लेकरू मातीत लोळू द्या, काटक होते,’ हे वऱ्हाडात अजूनही घरोघरी ऐकू येते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. अलीकडे मात्र त्याला एक शेपूट चिकटले आहे. साबण आणि फिल्टरचे पाणी यांनीच आताची मुले नाजूक झाली. आधीचे लोक नाल्याचे पाणी प्यायचे, त्यांना काही होत नसे, असे ते शेपूट. तेल्हारा-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते आणि गोड्या पाण्यासाठी वान धरणावरच्या ८४ खेडी योजनेकडे डोळे लावून बसावे लागते. जे पाणी मिळेल ते ड्रममध्ये, माठात साठवून पुरवायचे असते. अशा भागात हा समज पसरला तर तो लेकरांच्या जिवावर बेतेल. माती वेगळी आणि घाण वेगळी, एवढा भेद आपण विसरत चाललो आहोत.

या समजाला शास्त्राचा आधार दिला जातो, म्हणून तो आधार नीट पाहू. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागकणांच्या ॲलर्जीचा त्रास कमी, असे त्यांना दिसले. लहानपणी भावंडांकडून होणाऱ्या संसर्गामुळे पुढे ॲलर्जी टळत असावी, असा तर्क त्यांनी मांडला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. अमिश लोक घराला लागूनच गाई पाळतात आणि जुन्या पद्धतीने शेती करतात. त्यांच्या शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. यंत्रांवर मोठी सामुदायिक शेती करणाऱ्या हटराइट समाजात ते २१ टक्क्यांवर होते. गोठ्याच्या धुळीतले जंतू मुलांच्या प्रतिकारशक्तीला शिस्त लावतात, असा याचा अर्थ निघतो आणि तो मला पटतो. पण अमिशांच्या घराशेजारी गोठा होता, पटकी नव्हती. हे सगळे संशोधन ॲलर्जी आणि दम्याबद्दलचे आहे. घाण पाणी प्यायल्याने हगवणीपासून संरक्षण मिळते, असे त्यात कुठेही निघालेले नाही.

त्याच्या उलटचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विजेचे बिल थकल्याने नळाचे पाणी बंद झाले, लोकांना उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागले आणि पटकीने माणसे दगावली. मेळघाटातल्या त्या माणसांइतके मातीच्या, गुरांच्या, रानाच्या सहवासात कोण वाढले असेल? तो सहवास त्यांना वाचवू शकला नाही. दुसरा पुरावा लशीचा. रोटाव्हायरसच्या हगवणीवरच्या आपल्या देशी लशीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. तीव्र आजारापासून पहिल्या वर्षात मिळणारे संरक्षण सुमारे ५६ टक्के भरले. श्रीमंत देशांत याच आजारावरच्या लशी ८५ टक्क्यांच्या वर काम करतात. या फरकाची कारणे अनेक आहेत, पण सततच्या जंतुसंसर्गाने आतड्याचे अस्तर झिजलेले असणे हे त्यातले एक महत्त्वाचे मानले जाते. म्हणजे घाणीने लेकराची ताकद वाढत तर नाहीच, उलट दिलेली लसही त्याच्या अंगी पुरती लागत नाही.

यावर ‘आमचे आजे-पणजे कसे धडधाकट होते’ असे म्हटले जाते. जे जगले ते धडधाकट होते, आणि आपल्याला तेच आठवतात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, कारण असंख्य लेकरे पाळण्यातच जात होती. दुसरा दाखला करोनाचा दिला जातो. स्वच्छता कमी असलेल्या देशांत दर दहा लाखांमागे मृत्यू कमी, असा संबंध शास्त्रज्ञ डॉ. शेखर मांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला होता. मात्र यातून कुणी अस्वच्छतेचा पुरस्कार करू नये, हेही त्यांनीच स्पष्ट केले होते. पुढचा अर्धा भाग कुणी ऐकला नाही. आणि त्या संबंधाच्या भरवशावर राहून आपण वाचलोही नाही: फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातल्या दुसऱ्या लाटेची चाहूल सगळ्यात आधी आपल्याच अमरावती-अकोल्याला लागली. अमरावती, अचलपूर, अकोला, मूर्तिजापूर, अकोट इथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली.

प्रतिकारशक्तीची घडी बिघडते आहे, हे मात्र मी नाकारत नाही. त्याची कारणे मोरीवरच्या साबणात शोधू नयेत. साध्या सर्दीला मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पोटातले उपकारक जंतूही मारतात. दिवसभर बंद खोलीत मोबाइल घेऊन बसलेले मूल गुराढोरांपासून, धुऱ्यावरच्या गवतापासून तुटते. त्याला वावरात जरूर न्या. पण कपाशीवर नुकती फवारणी झालेली असेल तर नेऊ नका, आणि पायात चप्पल असू द्या, कारण हगणदारीच्या ओल्या जमिनीतला अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून शिरतो. मातीने माखलेले हात जेवणाआधी साबणाने धुवा. माठात हात किंवा पेला न बुडवता दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्या. घरात रोज जंतुनाशकाचे फवारे मारण्याची गरज नाही. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

गाडगेबाबा मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी गुरे राखत, नांगर धरत वाढले. त्यांच्याइतका मातीतला माणूस दुसरा दाखवता येणार नाही, आणि खराटा हाती घेतला तो त्यांनीच. ते गावात शिरत आणि गटारी, उकिरडे, देवळासमोरची घाण झाडू लागत.

आता पावसाळा तोंडावर आहे. तुमच्या गावच्या जलसुरक्षकाला बोलवा आणि टाकीजवळच्या नळाची नव्हे, गावातल्या शेवटच्या घराच्या नळाची ओटी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन पोचले आहे. पिवळे झाले नाही, तर पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कुठे गेली, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा.