आपला अभ्यास आपणच केला पाहिजे



बारावीचे किंवा पदवीचे निकाल लागले की आपल्या घरोघरी एकच विचारविनिमय सुरू होतो. मुलाने अभियंता व्हावे, मुलीने परिचारिका किंवा शिक्षिका व्हावे, निदान सरकारी नोकरीची परीक्षा तरी द्यावी. ही इच्छा रास्त आहे. ज्यांच्या मागील पिढ्यांना अक्षर शिवू दिले गेले नाही, त्यांनी प्रथम भाकरीचा विचार करावा यात गैर काय? परंतु एखाद्या मुलीने ‘मला मानवशास्त्र शिकावयाचे आहे, आणि ते घरी राहून मुक्त विद्यापीठातून शिकता येते’ असे म्हटले, तर वडीलधारी मंडळी तिला एका वाक्यात गप्प करतात. ‘त्या विषयाने पोट भरते काय?’ त्या मुलीच्या वतीने मी आज आपणापुढे उभा आहे.

मानवशास्त्र म्हणजे मनुष्याचा सर्वांगीण अभ्यास. त्याची शरीररचना, त्याची कुळे व नाती, लग्नाच्या चाली, देवदेवता, कामधंदे, गावातील बसण्याउठण्याचे नियम, हे सर्व त्यात येते. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवण्याचा नियम कोणी केला व तो कशाने टिकला हे जाणून घ्यावयाचे आहे, त्या समाजाला हा विषय परका कसा असेल?

परमपूज्य बाबासाहेबांना तो परका वाटला नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात, त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. जातीबाहेर लग्न होऊ न देणे हेच जातीचे मूळ, असा त्यांचा सिद्धान्त होता. अभ्यासाचा विषय ठरलेल्या समाजातील तरुण स्वतः अभ्यासक म्हणून बोलू लागला, ही त्या दिवसाची खरी महती आहे.

तोपर्यंत आपल्याविषयी कोण लिहीत होते? १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी माणसांची नाके मोजविली आणि नाकाच्या रुंदीचा संबंध जातीच्या दर्जाशी जोडला. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का अद्याप पुरता पुसलेला नाही. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळासंबंधीच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तीच नाकांची मापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत असे दाखवून दिले. शास्त्र ज्याच्या हाती असते त्याच्या बाजूने ते बोलते, असे पुष्कळांना वाटते. मी म्हणतो, शास्त्र प्रामाणिकपणे हाताळले तर ते सत्याच्या बाजूने बोलते; मात्र ते हाताळणारे हात आपलेही असावे लागतात.

आपण धम्मदीक्षा घेतली आहे. आपणांपैकी कोणी विचारील, ‘आम्ही जात सोडली, आता तिचा अभ्यास कशाला?’ रोग बरा करणाऱ्याला रोगाचे ज्ञान लागतेच. शिवाय तथागतांनीही हा प्रश्न टाळला नव्हता. वासेट्ठ सुत्तात त्यांनी सांगितले आहे की, वृक्षांत व पशुपक्ष्यांत जन्माच्या भेदाची चिन्हे दिसतात, तशी ती माणसामाणसांत दिसत नाहीत. मानवशास्त्र ज्या निष्कर्षाला विसाव्या शतकात पोहोचले, तो आपल्या धम्मात आधीच आहे. त्याचा अभ्यास करणारा उपासक धम्मापासून दूर जात नाही.

वकील म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. हा विषय आज न्यायालयातही आहे. माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीची रीत घालून दिली. तिच्यात अनुसूचित जमातीचा दावा करणाऱ्याच्या चालीरीती, देवदेवता, लग्न व मर्तिकाचे विधी तपासले जाऊ लागले. २०२३ साली त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. ज्या शास्त्रावर गरीब विद्यार्थ्याचे प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून राहतात, त्या शास्त्राचे जाणकार आपल्यात नसावेत काय?

आता २०२२ सालची गोष्ट ऐका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मिळणाऱ्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या नियमांत केंद्र सरकारने त्या वर्षी बदल केला. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अध्ययन हे विषय त्यांतून वगळले. १९१६ चा तो निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अशा नियमाखाली काय उत्तर मिळाले असते, याचा विचार आपणच करा. बाहेरचे दार अरुंद होत असेल तर घरातील दार उघडले पाहिजे.

ते दार आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात मानवशास्त्राचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. परंतु दूरस्थ व ऑनलाइन या दोन परवानग्या वेगळ्या आहेत. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेला, त्याच विषयासाठी आणि त्याच वर्षासाठी परवानगी आहे काय, हे आयोगाच्या यादीत पाहा. मोबाइलवरील जाहिरातीवर विसंबू नका. कोणी घरबसल्या कायद्याची पदवी देऊ लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा, कारण ती पदवी या मार्गाने देण्यास मनाई आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. मानवशास्त्र केवळ पडद्यावर शिकता येत नाही. मालिनोव्स्की ट्रोब्रिआंड बेटांवर लोकांत जाऊन राहिला, त्यांची भाषा शिकला. तेव्हापासून लोकांत राहणे हाच या शास्त्राचा पाया झाला. तेव्हा मुलीला मोबाइल दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नका. दिवसाचे दोन तास घरकामातून मोकळे द्या, इंग्रजी पुस्तके समजावीत म्हणून मदत मिळवून द्या, आणि ती वही घेऊन वस्त्यांत फिरू लागली तर तिची वाट अडवू नका. हे होणार नसेल तर पदवी हा नुसता कागद राहील.

पोटाचा प्रश्नही मी टाळीत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. १९४५ पासून भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही सरकारी संस्था काम करीत आहे. तथापि नोकरी हमखास मिळेल असे वचन मी देणार नाही; ते कोणत्याच पदवीचे देता येत नाही.

परंतु एक काम असे आहे की ज्याला विलंब चालणार नाही. १९५६ साली नागपूरला जाणत्या वयात ज्यांनी दीक्षा घेतली, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. घरातील देव त्यांनी कसे विसर्जित केले, पहिले बौद्ध लग्न गावात कसे लागले, मेलेली जनावरे ओढण्याचे नाकारल्यावर गावाने काय केले, हे त्यांच्या तोंडून अजून ऐकता येते. ते कोण लिहून ठेवणार? आपली मुले लिहिणार नसतील तर कोणी तरी परका लिहील, आणि तो लिहील तेच प्रमाण मानले जाईल.

म्हणून त्या मुलीला ‘नाही’ म्हणण्यापूर्वी तिला तिच्या आजीजवळ बसवा आणि पहिला प्रश्न विचारू द्या.

जयभीम.