वादळ निसर्गाचं, मंडप आपला

उज्जैनमध्ये क्षिप्रेला पूर आला की रामघाटावरची देवळं पाण्यात जातात, छोटा पूल बुडतो. नदीपासून दूर, फ्रीगंजातल्या टावर चौकात मग एक वाक्य हमखास ऐकू येतं : निसर्गापुढे कोणाचं काय चालतं? वाक्य नम्र आहे, पण ते खोटं आहे आणि जबाबदार माणसांना सोडवून नेणारं आहे.

५ मे २०१६. सिंहस्थ भरलेला. वादळी पावसात मंडप कोसळले, सात जणांचे प्राण गेले. मे महिन्यात माळव्यात वळीव येतो, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. पुढे २८ मे २०२३ रोजी महाकाल मंदिरालगतच्या महाकाल लोकातल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती वाऱ्याने पडल्या. लोकार्पणाला आठ महिनेही झाले नव्हते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेलं महाकालाचं देऊळ त्याच वाऱ्यात शाबूत राहिलं. मग दोष वाऱ्याचा कसा?

भूकंपाचं काय, असं कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून. जमीन हलणं टळत नाही. घर कसं बांधायचं हे आपल्या हातात असतं.

भरपाईने सगळं भरून निघतं, हाही भ्रमच. घाटावरच्या फुलवाल्याची, नावाड्याची बुडालेली रोजची कमाई कुठल्या पंचनाम्यात येते? सोयाबीन कुजलं की शेतकऱ्याच्या डोक्यावर पुढच्या पेरणीचं कर्ज चढतं. आणि नदीचं नुकसान तर कोणी मोजतच नाही. कान्ह नदी इंदूरचं सांडपाणी क्षिप्रेत आणते. पूर ते काठाकाठाने पसरवतो.

निसर्गापुढे काही चालत नाही, हे वाक्य ओडिशाने उलटवून दाखवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ येण्याआधी जवळपास दहा लाख लोक सुरक्षित जागी हलवले गेले. वादळ प्रचंडच होतं, तरी मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

२०२८ चा सिंहस्थ समोर आहे. पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम नको. वाऱ्याचा जोर सोसण्याची चाचणी झाल्याशिवाय मंडपाला परवानगी नको. आणि ती परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक मंडपाबाहेर ठळक अक्षरांत लावा.