‘सायलेन्सर’ नावाची थाप आणि कोलकात्यातल्या बातम्या

कोलकात्यात कुठे गोळीबार होतो. शेजारी सांगतात की गोळीचा आवाज काही आला नाही, फटाक्यासारखे काहीतरी वाजले. घटनास्थळी पुंगळी सापडत नाही. संध्याकाळच्या बातमीपत्रापर्यंत निष्कर्ष तयार असतो: मारेकरी सराईत होते आणि पिस्तुलाला सायलेन्सर लावलेला होता. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य देशभरच्या भाषांत, मराठीतही, जसेच्या तसे उतरते. या निष्कर्षाला ना प्रयोगशाळेचा आधार असतो, ना भौतिकशास्त्राचा. त्याला आधार असतो तो चित्रपटातल्या ‘थुप्प’ अशा आवाजाचा.

खोट मुळात नावातच आहे. अमेरिकेतील हायरम पर्सी मॅक्झिम यांना १९०९ साली या उपकरणाचे पेटंट मिळाले आणि ‘मॅक्झिम सायलेन्सर’ या नावाने ते बाजारात आले. ‘सायलेन्सर’ हे विक्रेत्याने निवडलेले नाव होते. ती कुणी केलेली मोजणी नव्हे. बुलेट मोटारसायकललाही सायलेन्सर असतो, आणि ती कोणत्या गल्लीतून येते आहे हे सारा मोहल्ला जाणतो. भारतीय कायदा याबाबतीत वृत्तवाहिन्यांहून शहाणा निघाला. १९६२ च्या शस्त्र नियमांत या उपसाधनांचे वर्णन आवाज किंवा ज्वाला ‘कमी करणारी’ असे होते. ती निषिद्ध वर्गात टाकली गेली. ती आवाज नाहीसा करतात असे मात्र नियमकर्त्यांनी कुठे म्हटले नाही.

कमी म्हणजे किती? नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा आवाज नळीच्या तोंडाजवळ साधारण १६० डेसिबल असतो. चांगला सप्रेसर त्यातून २० ते ३५ डेसिबल उतरवतो. डेसिबल हे लॉगरिदमचे माप आहे. तीस डेसिबल उतरले म्हणजे ध्वनिऊर्जा हजार पटींनी घटली. ही घट प्रचंडच आहे. तरीही मागे १३० डेसिबलच्या आसपास आवाज उरतो, आणि नेमकी हीच उरलेली संख्या बातमीत कधी येत नाही. फटाक्यांसाठी पश्चिम बंगालने दीर्घकाळ ९० डेसिबलची मर्यादा पाळली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती देशातील इतर भागांप्रमाणे चार मीटर अंतरावर १२५ डेसिबल केली. दोन्हींची मोजमापाची पद्धत वेगळी असल्याने तंतोतंत तुलना होत नाही. पण ढोबळमानाने पाहिले तर सप्रेसर लावलेले पिस्तूल कालीपूजेच्या रात्रीच्या कायदेशीर फटाक्याच्या जवळपास वाजते आणि जुन्या मर्यादेत ते बसलेच नसते. याला ‘निःशब्द’ म्हणायचे असेल तर कालीपूजाही निःशब्द म्हणावी लागेल.

आता खुद्द पिस्तुलाकडे यावे, कारण वार्ताहर इथे कधी पोहोचतच नाहीत. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटताच स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना नवे काडतूस नळीत ढकलते. धातूवर धातू आदळण्याचा हा खटका नळीच्या तोंडावर बसवलेले कोणतेही उपकरण अडवू शकत नाही. शिवाय स्लाइड उघडताना थोडा वायू मागच्या बाजूनेही निसटतो. ज्यांना खरोखरच शांतता हवी होती त्यांना हे पक्के ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्त कारवाया करणाऱ्या एसओई या संघटनेने ‘वेलरॉड’ बनवले तेव्हा स्लाइडच काढून टाकली. प्रत्येक गोळीनंतर मागची खुंटी हाताने फिरवून ओढावी लागे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने वापरलेल्या ‘हश पपी’ या पिस्तुलात स्लाइड जागीच रोखून धरणारी कळ होती. चीनच्या टाइप ६४ या पिस्तुलातही तीच सोय होती. स्लाइड रोखली की खटका थांबतो आणि वायूही मागून सुटत नाही. पण मग पुढचे काडतूस आपोआप चढत नाही. प्रत्येक गोळीनंतर हाताने स्लाइड ओढावी लागते. अर्धस्वयंचलित पिस्तूल तेवढ्यापुरते एकबारी होते.

म्हणजे वेग हवा की शांतता, यांतून एकाचीच निवड करावी लागते. ‘सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलातून धडाधड सहा गोळ्या, कुणाला चाहूलही नाही’ असे वाक्य लिहिणारा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मागत असतो. ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलात तर नळी किंचित कलल्याशिवाय स्लाइड सुटत नाही; नळीवर जड सप्रेसर चढवला की ती हालचालच अडखळते आणि ती सुरळीत करण्यासाठी वेगळी स्प्रिंगची योजना लागते. कोलकात्याच्या उत्तरेला इच्छापूरच्या रायफल कारखान्याचे नऊ मिलिमीटरचे सैनिकी पिस्तूल याच ब्राउनिंग घराण्यातले आहे. ज्या शहराच्या उंबरठ्यावर ही यंत्रे घडतात, तिथल्या वार्ताहराला एखाद्या जाणकाराला गाठायला लोकलचा अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास पुरतो.

एवढे करूनही गोळीचा स्वतःचा आवाज उरतोच. ध्वनीहून वेगवान गोळी वाटेत हवेत तडाखा देत जाते आणि त्यावर नळीचे कोणतेही उपकरण उपाय करू शकत नाही. नऊ मिलिमीटरची नेहमीची गोळी सेकंदाला ३५० मीटरपेक्षा अधिक वेगाने सुटते. कोलकात्यात पौषातल्या १२ अंशांच्या रात्री ध्वनीचा वेग सुमारे ३३९ मीटर असतो, तर वैशाखातल्या ३८ अंशांच्या दुपारी सुमारे ३५४. सीमेवरची एखादी गोळी थंडीत कडाडेल आणि उन्हाळ्यात कडाडणार नाही. या शहरातल्या सर्वांत प्रसिद्ध पिस्तुलांच्या बाबतीत असा प्रश्नच नव्हता. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पळवलेली पन्नास माउझर पिस्तुले सेकंदाला चारशे मीटरहून अधिक वेगाने गोळी सोडत. त्या प्रकरणात निःशब्द होती ती फक्त चोरी, कारण कंपनीचाच कारकून श्रीशचंद्र मित्र याने माल सोडवून एक बैलगाडी शांतपणे भलतीकडे वळवली होती.

मग पुंगळी का सापडत नाही? रिव्हॉल्व्हरमध्ये ती चक्रातच राहते. गावठी कट्ट्यात ती नळीत राहते. मारेकरी ती उचलूनही नेतो. सप्रेसर आणि रोखलेली स्लाइड ही या यादीतली सर्वांत दुर्मीळ शक्यता आहे, आणि बातमीत सर्वांत आधी तीच छापली जाते.

याची किंमत साक्षीदार मोजतो. ‘फटाका वाजल्यासारखे वाटले’ असे सांगणारी शेजारीण खरेच बोलत असते. बंद खोलीतला किंवा दोन भिंतींपलीकडचा साध्या पिस्तुलाचा आवाजही तसाच ऐकू येतो. पण ‘सायलेन्सर असताना हिला आवाज आलाच कसा’ असा प्रश्न एकदा चावडीवर आणि वाहिनीवर फिरला की तिची जबानी संशयास्पद ठरते. उलट ज्याने काहीच ऐकले नाही म्हणून सांगितले, त्याला आयते निमित्त मिळते. भारतातील पहिली राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा १९५२ साली याच शहरात सुरू झाली, आणि केंद्रीय प्रयोगशाळाही येथे १९५७ पासून आहे. गोळीवरच्या खुणा, जखमेभोवतीची काजळी आणि पुंगळीवरचा ठसा वाचणारी माणसे तिथे आहेत. त्यांचा अहवाल यायला आठवडे लागतात. ‘सायलेन्सर’ हा शब्द छापायला एक मिनिट पुरते. अहवाल आल्यावर जुनी बातमी कोणते वृत्तपत्र दुरुस्त करते?