शिक्षेचे शब्द आधी शिकून घ्या

तेरखेड्यातल्या आणि वाशी तालुक्यातल्या आया-बहिणींनो, भावांनो, एक कळकळीची विनंती आहे. पोलीस ठाणं आणि कोर्ट यांत शिक्षेबद्दल जे शब्द वापरले जातात, ते तशी वेळ येण्याआधीच शिकून घ्या. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी नवं काही कळत नाही. तो मग सांगतील तिथे सही करतो आणि मागतील तेवढे पैसे देतो.

आपलं गाव फटाक्यांचं. दारूकामात हलगर्जीपणा झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हलगर्जीपणानं कुणाचा जीव गेला, तर कलम १०६ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मालकानं आणि मजुरानं दोघांनीही हे वाचावं आणि ‘पर्यंत’ या शब्दावर बोट ठेवावं. ती वरची हद्द आहे. किती शिक्षा द्यायची, ते न्यायाधीश ठरवतात. ‘आता पाच वर्षं आत जाशील’ असं कुणी दरडावलं, तर हे आठवा.

ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि १८६० ची दंड संहिता गेली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पाठ असलेल्या जुन्या आकड्यांवर विसंबू नका. नव्या कायद्यात शिक्षा सहा प्रकारच्या आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि सामुदायिक सेवा. कैदेत सक्तमजुरी वेगळी, साधी कैद वेगळी. सामुदायिक सेवा नव्यानं आली आहे. काही किरकोळ गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी लोकोपयोगी काम करायला कोर्ट सांगू शकतं.

अटक ही शिक्षा नाही. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी याही शिक्षा नाहीत. गुन्हा कोर्टात शाबीत होईपर्यंत माणूस आरोपी असतो, दोषी नसतो. आपल्या भागातल्या पारधी कुटुंबांइतकी या फरकाची किंमत कुणी मोजली नसेल. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तसले कायदे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाले. तरी चोरी झाली की बोट आधी त्यांच्या वस्तीकडे जातं. शेजाऱ्याला ‘गुन्हेगार’ म्हणण्याआधी आपणही थांबलं पाहिजे.

आता अगदी रोजच्या उपयोगाचं सांगतो. अटक झाली तर कारण विचारा. ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलंच पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामीन हा तुमचा हक्क आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते. फिर्याद तुम्ही दिली असेल, तर मात्र ती वाचून घेऊन सही करा आणि तिची प्रत मागा. ती फुकट मिळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोर्टानं ‘गुन्हा कबूल आहे का?’ विचारलं, तर वकिलाशी बोलल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. ‘थोडा दंड भरून मोकळा हो’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण कबुली देऊन दंड भरला, की दोषी ठरल्याची नोंद होते. उद्या तुम्ही भरतीला गेलात की चारित्र्य पडताळणीत ती पुढे येऊ शकते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न कितीही असलं, तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो. १५१०० हा फुकट मदतीचा फोन आहे. धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालयही आहे.

ग्रामपंचायतीनं या प्राधिकरणाला पत्र लिहून गावात शिबिर मागावं. बचत गटांनी एका बैठकीत हेच शब्द एकमेकींना समजावून सांगावेत. दहावी-बारावीच्या पोरांनी ज्यांना वाचता येत नाही त्यांना नोटीस वाचून दाखवावी. पुढच्या ग्रामसभेत हा विषय तुम्ही स्वतः उठून मांडा.