कसे वाटते, ते आजाऱ्यालाच विचारा



कॅन्सरचे नवे औषध आपल्याला कुपात होलिममधून मिळेल की नाही, हे आपला डॉक्टर ठरवीत नाही. १९९५ साली लागू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याने औषधे आणि उपचारांची एक यादी आली. तिलाच आपण ‘सल’ म्हणतो. क्लालित, मक्काबी, मेउहेदेत, लेउमित, चौघांना यादी एकच. तिच्यात दरवर्षी काय नवे घालावे याची शिफारस एक समिती करते. पैसा मोजका आणि मागण्या फार. जे औषध बाहेर राहते त्यासाठी पेन्शनीत हात घालावा लागतो.

अशा निवाड्यात मोठे वजन असते ते औषधाने आयुष्य किती महिने वाढले, गाठ किती काळ थोपली, याला. माझे म्हणणे असे की ते महिने कसे गेले हेही तितक्याच गांभीर्याने पाहावे, आणि ते आजाऱ्याच्याच तोंडून घ्यावे. ताप थर्मामीटर सांगतो; पण मळमळ, थकवा, बधिर झालेली बोटे, जेवणाची उडालेली चव सांगणारे यंत्र नाही.

“आजाऱ्याचे सांगणे आज एक, उद्या दुसरे,” असे काही म्हणतात. पण ते मोजण्याची रीत आहे. युरोपातील ‘ईओआरटीसी’ या कॅन्सर संशोधन संस्थेचा ३० प्रश्नांचा तक्ता १९९३ पासून वापरात आहे. चालवते का, झोप लागते का, घरच्यांत मिसळता येते का, पैशाची ओढाताण होते का, असे साधे प्रश्न. त्याचा मराठी तर्जुमाही झाला आहे. जर्मनीत २०११ पासून नव्या औषधाचा फायदा ठरवताना जीवनमान कायद्यानेच धरले जाते. २०१५ साली युरोपच्या कॅन्सर डॉक्टरांनी औषधांना गुण देण्याची जी पट्टी काढली, तिच्या कामात आपल्या यरुशलेमच्या शारे झेदेक इस्पितळाचे डॉ. नेथन चेर्नी पुढे होते. रोग्याचे जगणे सुधारले, तर त्या पट्टीवर औषधाचा गुण वाढतो.

आजाऱ्याचा शब्द पोकळ नसतो. अमेरिकेत ७६६ रोग्यांची पाहणी झाली. तिचा निकाल २०१७ साली आला. जे आपला त्रास संगणकावर नियमित कळवीत आणि तो वाढताच नर्सला निरोप जाई, ते मध्यमानाने ३१ महिने जगले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणारे २६ महिने.

एक धोका मात्र आहे. “जगण्यात मजा नाही, मग औषध कशाला?” असे म्हणून खर्च टाळण्याचे हे निमित्त होऊ नये. नातवाचा बार मित्झवा पाहायचा म्हणून कोणी आजी सगळा त्रास सोसायला तयार असेल, तर तो निर्णय तिचा.

आता थोडे आपल्याविषयी. डॉक्टरने विचारले की आपण म्हणतो, “ठीक आहे, देवाची कृपा.” हिब्रू अडते म्हणून मुलगा किंवा सून उत्तर देते, आणि त्यांच्यासमोर आपण दुखणे गिळतो. असे करू नका. आठवड्याचा त्रास मराठीत वहीत लिहा: काय झाले, किती वेळ, त्यामुळे कोणते काम राहिले. मुलांना तेच, शब्दाला शब्द, हिब्रूत सांगायला लावा. प्रश्नांचा तक्ता हाती आला तर मराठीत मागा, आणि त्यात खरे तेच भरा. आपण सांगितलेच नाही, तर समितीने मोजायचे तरी काय?