पिळलेली नळी आणि जहाजबांधणीचे स्वप्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली. चर्चा अर्थातच गोद्यांची, पोलादाची आणि कर्जाची झाली. हायड्रॉलिक होजकडे, म्हणजे दाबाखालील तेल वाहून नेणाऱ्या लवचीक नळीकडे, लक्ष जाण्याचे कारण नव्हते. परंतु क्रेन, हॅच कव्हर, विंडलास अशी जहाजावरची कितीतरी अवजड यंत्रे याच नळ्यांच्या भरवशावर चालतात.

नळी फुटली की दोष मालाला दिला जातो. हे निदान सोयीचे आहे. पुष्कळदा चूक बसवण्यात असते. नळीच्या रबरात पोलादी तारांचे थर असतात आणि त्या तारा अक्षाशी साधारण ५४.७ अंशांचा कोन साधतात. याच कोनात आतील दाबामुळे निर्माण होणारे उभे व आडवे बल तारा समतोलाने पेलतात. नट आवळताना नळीच फिरली, तर हा समतोल ढळतो. भार एकाच दिशेच्या तारांवर येतो. शिवाय दाब चढताच नळी पीळ सोडवू पाहते आणि जोड ढिला होऊ लागतो. हे ओळखण्यास उपकरण नको. नळीवर लांबीच्या दिशेने छापलेली रेघ सरळ दिसली पाहिजे. ती वेलीसारखी गुंडाळत गेली, तर पीळ पडलेला आहे. उपायही साधा: एका पान्याने नळीचे टोक स्थिर धरायचे, दुसऱ्याने नट आवळायचा.

दाबाखाली नळीची लांबी किंचित बदलते, लाटांवर जहाजाचा सांगाडाही लवतो. म्हणून ताणून बसवलेली नळी नीटनेटकी दिसली तरी ती चूकच. आणि इंजिन कक्षात फुटलेल्या नळीतून उडणारा तेलाचा फवारा तप्त भागावर पडला, तर आग लागते. २२० अंश सेल्सिअसहून अधिक तापणारे व गळतीचे तेल पडू शकेल असे पृष्ठभाग झाकण्याचे बंधन ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात आहे, ते यामुळेच.

पास्कलचा नियम विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात. नळी स्वतःच्या हाताने बसवण्याचे प्रात्यक्षिकही तितकेच अनिवार्य व्हावे. गोदीतील तपासणीत, यंत्रणेला दाब दिल्यानंतर प्रत्येक नळीची रेघ पाहून नोंद करावी; आणि ती रंगकाम होण्यापूर्वी करावी, कारण एकदा नळीवर रंगाचा हात फिरला की रेघही दिसत नाही आणि रबरावरील भेगाही.